दार उघडं ठेवा, बाकीचं ताई-दादांवर सोडा

प्रश्न थोडक्यात असा. बीड आणि धाराशिव जिल्ह्यांच्या शिवेवर सहा गावांत संध्याकाळच्या अभ्यासिका चालतात आणि मे महिन्यात पाच दिवसांचं निवासी शिबिर होतं. पस्तीसेक कार्यकर्ते आहेत, लेकरांचे ताई-दादा, बहुतेक कॉलेजात शिकणारे, मानधन न घेता येणारे. संस्थेनं बालसुरक्षेची ६१ कलमांची नियमावली केली आणि तेव्हापासून कार्यकर्ते गळायला लागले. "आमच्यावर संशय घेता", "लेकरू पडलं तरी उचलायची भीती वाटते" असं ते म्हणतात. पालक आणि देणगीदार मात्र आणखी नियम मागतात. मग कडक किती राहायचं आणि मोकळीक किती द्यायची?

कडक की ढिलं या एकाच मापानं हे मोजायला गेलात तर लेकरूही सुरक्षित होत नाही आणि कार्यकर्ताही टिकत नाही. आधी प्रत्येक नियम कशावर आहे ते बघा. ६१ कलमं एकेका चिठ्ठीवर लिहा आणि दोन ढीग करा. पहिल्या ढिगात लेकरू आणि मोठं माणूस कुठं, कधी, कुणाच्या नजरेसमोर आणि कोणत्या मार्गानं एकमेकांच्या संपर्कात येतात यावरचे नियम. दुसऱ्या ढिगात काम कसं करायचं यावरचे: गाणं कोणतं घ्यायचं, खेळ किती मिनिटं, तासाचा आराखडा कुणाला दाखवायचा, टी-शर्ट कोणता घालायचा. मग प्रत्येक चिठ्ठीला एकच विचारा: हा नियम मोडला तर लेकराला नेमकी कोणती इजा होईल? उत्तर एका वाक्यात देता आलं तर चिठ्ठी ठेवा. नाही आलं तर ती सूचना समजा आणि समन्वयकाच्या सल्ल्यात जाऊ द्या. बहुतेक नियमावल्यांत दुसरा ढीगच मोठा निघतो आणि कार्यकर्त्याचा जीव त्यातच घुसमटतो. पहिल्या ढिगात आठ-दहाच्या वर सहसा काही उरत नाही. ते आठ-दहा मात्र अध्यक्षांना लागू, सरपंचांच्या पुतण्याला लागू आणि वीस वर्षं काम करणाऱ्या गुरुजींनाही लागू.

एवढे थोडे का पुरतात, तर अत्याचार करणारा माणूस बहुतेक वेळा ओळखीचा, विश्वासातला असतो आणि त्याची वाट ठरलेली असते. आधी एका लेकराचे जास्त लाड. मग वही, चप्पल, मोबाइलचा रिचार्ज अशी छोटी भेट. मग "घरी सांगू नकोस हं" असं एखादं किरकोळ गुपित. मग एकांत. यातली एकेक पायरी सुटी पाहिली तर ती मायाच वाटते. जिथं काहीच ठरलेलं नाही तिथं ती मायाच समजली जाते, कारण तिथले चांगले कार्यकर्तेही तसंच वागत असतात. सगळ्यांनी मिळून एकांत, गुपित आणि एकट्यालाच भेट या तीन गोष्टी सोडल्या, की त्या करणारा माणूस लवकर नजरेत येतो. कार्यकर्त्याला नियम समजावताना हे कारण सांगा. त्याच्या चांगुलपणाच्या आडोशाला दुसऱ्या कुणाला लपता येऊ नये, यासाठी त्याची मदत हवी आहे. असं सांगितलं की संशयाची भाषा बरीच मावळते. आणि हे नियम दादांइतकेच ताईंना लावा, मुलींइतकेच मुलांसाठी लावा. मुलग्यांवर होणारे अत्याचार आपल्याकडं फार दबून राहतात.

कायद्यानं जे ठरवलंय त्यात घासाघीस नाही, म्हणून ते आधी सांगून टाकतो. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम २०१२ चा, म्हणजे पोक्सोचा, १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला आधार आहे. कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचं कळलेल्या किंवा घडेल अशी शंका असलेल्या कोणत्याही व्यक्तीनं पोलिसांना कळवायचं असतं. पगारी असो की बिनपगारी, फरक नाही. न कळवल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. म्हणजे "गावातल्या गावात मिटवू" म्हणणारा विश्वस्त स्वतःच गुन्ह्यात येतो. २०२० च्या पोक्सो नियमांनुसार लेकरांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थेनं कर्मचाऱ्यांची ठरावीक काळानं पोलीस पडताळणी करायची आणि त्यांना प्रशिक्षण द्यायचं असतं. मानधन न घेणाऱ्यालाही तेच लावा, लेकराला त्या दोघांतला फरक कळत नाही. मारण्याबद्दल वेगळं बोलायलाच नको: कान पिळणं, उठाबशा, "तुझ्या बापासारखाच निघणार तू" हे शब्द, सगळं बंद. शाळेत शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ नं ते बंद आहेच. बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७५ तर ज्यांच्या ताब्यात लेकरू सोपवलंय त्या संस्थेच्या माणसानं क्रूरता केली तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगतं.

आता ते आठ-दहा नियम. सगळ्यात महत्त्वाचा दिसण्याचा.

पुस्तकात लिहिलेलं असतं की लेकरांबरोबर नेहमी दोन मोठी माणसं हवीत. शिबिरात ते जमतं. सहाशे उंबऱ्यांच्या गावात एकच दादा रोज संध्याकाळी अभ्यासिका उघडतो तिथं जमत नाही. जमत नसलेला नियम कागदावर ठेवला की तो रोज मोडला जातो, आणि एक नियम रोज मोडायची सवय लागली की बाकीचेही मोडतात. म्हणून तो असा लिहा: "मोठं माणूस आणि लेकरू नेहमी असं बसतील की येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं आणि कुणालाही न विचारता आत येता यावं." मग जागा त्या नजरेनं बघा. समाजमंदिराचं लोखंडी दार अर्धं ओढून घेतलेलं असतं, कारण कुत्री आत येतात. ते पूर्ण उघडं ठेवा आणि उंबऱ्यावर गुडघाभर उंचीची फळी लावा, कुत्र्यांचा प्रश्न तिथंच मिटतो. मागच्या बाजूला मंडप आणि सतरंज्या ठेवायची खोली असते, तिला बाहेरून कुलूप आणि किल्ली अंगणवाडीताईंकडं. कार्यकर्त्याची खुर्ची दाराच्या रेषेत, फळ्याच्या आड नाही. एका लेकराला वेगळं समजावायचं असेल तर बाहेर ओट्यावर बसा, बाकीच्यांना दिसेल पण ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर. पाच-सात पावलं पुरतात. लेकराला मन मोकळं करायला एकांत लागत नाही, कुणी ऐकत नाहीये एवढा भरवसा लागतो.

लाईट जाणं ही आपल्याकडची रोजची गोष्ट आहे, तिच्यासाठी वेगळं ठरवून ठेवा. लाईट गेली की कुणी आत थांबायचं नाही, सगळी लेकरं ओट्यावर, तिथं पाढे किंवा गाणी. चार्जिंगचे दोन बल्ब दाराजवळच्या खिळ्याला टांगलेले. दहा मिनिटांत लाईट आली नाही तर त्या दिवसाची सुट्टी. शिवाय बचत गटातल्या दोन-तीन बायांना सांगून ठेवा की आठवड्यातून दोनदा, कधीही, सहज डोकावून जायचं. वेळ ठरवू नका. ठरलेल्या वेळेच्या तपासणीत कुणी सापडत नसतं.

दुसरा नियम घरी सोडण्याचा. अभ्यासिकेत सगळं नीट चालतं आणि धोका परतीच्या वाटेवर उभा राहतो. हिवाळ्यात साडेसातला मिट्ट अंधार, तांडा दीड किलोमीटरवर, आणि दादा मोटारसायकलवर एकेका पोरीला सोडून येतो. त्याच्या मनात काही नसतं. पण गाडीवर, अंधारात, एकटी मुलगी आणि एकटा माणूस यापेक्षा वाईट मांडणी नाही. नुसती बंदी घातली तर पोरी अभ्यासिकेला यायच्या थांबतात, हे आधी लक्षात घ्या. म्हणून नियम वेळापत्रकातून सोडवा. दिवाळीपासून होळीपर्यंत अभ्यासिका साडेपाच ते सात. सुटताना वस्तीनिहाय रांगा, तांड्यावरची लेकरं एकत्र चालत जातात, अर्ध्या वाटेवर पाळीनं एक पालक येतो. शेवटी उरणारी दोन लेकरं एकदमच निघतात, एकटं शेवटचं लेकरू कधी मागं राहत नाही. पालक आला नाही तर दादा फोन करतो आणि समाजमंदिरात न थांबता जवळच्या नांदत्या घराच्या ओट्यावर वाट बघतो.

फोनचा नियम शहरातल्या नियमावलीतून जसाच्या तसा उचलू नका. शहरात भीती असते ती लेकराच्या स्वतःच्या फोनची. गावात नववीतली मुलगी बापाचा किंवा भावाचा फोन वापरते. दादानं रात्री साडेनऊला "उद्याचं गणित झालं का?" एवढंच लिहिलं तरी ते आधी भाऊ वाचतो, आणि शिक्षा मुलीला होते: शाळा बंद, कधी थेट स्थळं बघायला सुरुवात. म्हणून एकेकट्याला मेसेज नाहीच. गावागणिक एक गट, त्यात पालक आणि समन्वयक, रात्री आठनंतर काही टाकायचं नाही. इन्स्टाग्रामवर अभ्यासिकेतल्या लेकरांची विनंती स्वीकारायची नाही, आणि हे लेकरांना आधीच सांगून ठेवायचं, नाहीतर त्यांना वाटतं दादा रुसला. फोटो काढावेत, आनंदाचे काढावेत, पण चेहरा, पूर्ण नाव आणि गाव तिन्ही एकत्र कुठं येऊ द्यायचं नाही. अंघोळीचे, झोपेतले, आणि हाती मदत घेतानाचे फोटो अजिबात नाहीत. कार्यकर्त्यानं फोटो समन्वयकाला द्यायचे आणि आठवड्याच्या आत स्वतःच्या फोनमधून काढून टाकायचे.

स्पर्शावर बंदी घालू नका. कार्यकर्ते सर्वांत जास्त दुखावतात ते या नियमानं, आणि त्यांचं बरोबर आहे. पडलेल्या लेकराला उचलायचंच, रडणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवायचाच. कसोटी तीन गोष्टींची: गरज लेकराची आहे का, त्याला तो स्पर्श हवा आहे का, आणि तो चारचौघांत होतोय का. तिन्हींना हो असेल तर घाबरू नका. कबड्डी, खो-खो, लेझीम शिकवताना स्पर्श येणारच. तिथं आधी बोलून दाखवा: "मी आता तुझा खांदा धरून दाखवणार आहे, चालेल?" लेकरू "नको" म्हणालं तर दुसऱ्या लेकराकडून करवून दाखवा. हे "चालेल?" विचारणं फार मोलाचं आहे. आपल्या अंगाबद्दल नाही म्हणता येतं, हे लेकरू तिथंच पहिल्यांदा शिकतं.

ऊसतोडीच्या पट्ट्यात एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. दिवाळीच्या सुमारास आई-बाप कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्यावर जातात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. मधले पाच महिने लेकरं आजी-आजोबांकडं नाहीतर हंगामी वसतिगृहात. या लेकरांना मायेची भूक असते. कार्यकर्ता त्यांच्यासाठी आई-बापाच्या जागी उभा राहतो, म्हणून धोकाही इथंच मोठा आणि कोरड्या नियमांनी होणारं नुकसानही इथंच मोठं. इथं कार्यकर्त्याला दूर ढकललं तर लेकरू ती माया दुसरीकडं शोधतं, जिथं कुणाचीच नजर नाही. म्हणून माया करू द्या, पण ती सगळ्यांत वाटलेली असावी: भेट द्यायची तर साऱ्या अभ्यासिकेला, किंवा संस्थेच्या हातून. संमतीपत्रं आई-बाप गावात असताना, दसऱ्याच्या आधीच भरून घ्या. त्यात ऊसतोडीची टोळी नेणाऱ्या मुकादमाचा नंबर, गावातल्या दुसऱ्या एका नातेवाइकाचा नंबर, लेकराची औषधं, आणि "दवाखान्यात न्यायला आमची परवानगी आहे" ही ओळ. डिसेंबरात एखादं वेगळं शिबिर ठरलं आणि बाप उसाच्या फडात असला तर फोन लावून आजीसमोर स्पीकरवर संमती घ्या आणि तारीख-वेळ लिहून ठेवा.

आता मोकळीक. पहिला ढीग पक्का केला की दुसरा खरोखर सोडून द्या, अर्धवट नको. काय शिकवायचं, गोष्ट पुस्तकातली की आजीकडून ऐकलेली, लमाणी गोरबोलीत बोलायचं की मराठीत, फळ्यावर लिहायचं की शिवारात जाऊन पानं गोळा करायची, लेकरांचं नाटक कशावर बसवायचं, हे त्या गावच्या ताई-दादांनी ठरवावं. समन्वयकानं महिन्यातून एकदा बघावं आणि विचारल्यावर सल्ला द्यावा. ज्या संस्थांत आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो तिथं हुशार कार्यकर्ता आधी जातो आणि आज्ञाधारक उरतो, आणि आज्ञाधारक माणूस वरच्याची चूक दिसली तरी बोलत नाही. सुरक्षेसाठी आपल्याला बोलणारी माणसं हवी असतात.

पक्क्या नियमांनाही कधी मोडावं लागतं, त्यासाठी प्रत्येक अभ्यासिकेत एक अपवाद वही ठेवा. समजा सातला एका मुलीला विंचू चावला, पालक रानात, जवळ दुसरं मोठं माणूस नाही. दादानं तिला गाडीवर घालून प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यायलाच हवं, नियम मोडूनच. निघण्याआधी दोन फोन: एक पालकाला, एक समन्वयकाला. जमलं तर तिच्या मैत्रिणीची आई बरोबर. त्याच रात्री वहीत चार ओळी: कोणता नियम मोडला, का, कुणाला कळवलं, किती वाजता परत. लिहिणाऱ्याला कुणी जाब विचारायचा नाही, जाब विचारायचा तो न लिहिल्याबद्दल. समन्वयकानं वही महिन्याअखेरी वाचावी. एकच अपवाद वेगवेगळ्या गावांतून चार वेळा आला तर चूक व्यवस्थेत आहे, वेळ किंवा जागा बदला. एकाच माणसाचं नाव पुन्हापुन्हा आलं, आणि तेही एकाच लेकराबरोबर, तर त्याच आठवड्यात समोर बसून बोला. त्याच वहीत काही पानं "खटकलं" म्हणून राखून ठेवा, गुन्हा नसलेल्या पण मनात टोचलेल्या गोष्टींसाठी: दादा एकीलाच "माझी राणी" म्हणतो, ताई एका मुलाला नेहमी स्वतःच्या डब्यातलं भरवते. एकेकटं काहीच नसतं. दोघांनी वेगवेगळं लिहिलं की कळतं.

माणूस घेताना पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र घ्या, पण त्यावर विसंबू नका. ज्याच्यावर कधी तक्रारच झाली नाही त्याचं प्रमाणपत्र स्वच्छच येणार. दोन ओळखीच्या माणसांना फोन करा, त्यातली एक बाई असावी, आणि सरळ विचारा: "तुमच्या घरचं लेकरू यांच्याबरोबर तीन दिवस शिबिराला पाठवाल का?" शब्दांपेक्षा मधला थांबा ऐका. "आपल्या घरचाच आहे हो" हे वाक्य आलं की पडताळणी दुप्पट करा.

मोकळीक सगळ्यांना पहिल्या दिवसापासून सारखी देऊ नका, पायऱ्या ठेवा. गावात राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर उतरलं, किंवा लातूरला क्लासला राहणारे सुट्टीत आले, की उत्साही पन्नास जण मिळतात. ते पाहुणे: त्यांनी नेहमीच्या ताई-दादांच्या उपस्थितीत खेळ घ्यावेत, लेकरांचे नंबर घेऊ नयेत. आपत्तीत हे आणखी पाळावं लागतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मदतीचा लोंढा आला होता, पुराच्या वेळीही येतो, आणि अशा गर्दीत कोण कुठला हे कुणी विचारत नाही. तीन महिने नियमित आलेला कार्यकर्ता अभ्यासिका सांभाळू शकतो. मुक्कामाच्या शिबिरात लेकरांच्या खोलीची जबाबदारी पडताळणी, प्रशिक्षण आणि एक वर्षाचं काम झाल्यावरच. स्वतः १८ पूर्ण नसलेला अकरावी-बारावीचा कार्यकर्ता कायद्यानं लेकरूच आहे, त्याला मोठ्या माणसांच्या संख्येत धरू नका.

यातूनच एक अवघड गोष्ट येते. दादा १९-२० चा, अभ्यासिकेतली मुलगी १६-१७ ची, आणि दोघं एकमेकांना आवडतात. वयात अंतर फारसं नाही, घरचे म्हणतात लग्न लावून देऊ. पोक्सोत १८ खालच्या मुलीच्या संमतीला किंमत नाही, आणि संस्थेच्या माणसानं केलेला गुन्हा तिथं जास्त गंभीर धरला जातो. पोराचं आयुष्य उद्ध्वस्त होतं, मुलीची शाळा सुटते, आणि बालविवाह तर वेगळाच गुन्हा. म्हणून पहिल्याच बैठकीत आडपडदा न ठेवता सांगा: अभ्यासिकेतल्या कुणाशी प्रेमाचं नातं नाही. आणि मन गुंतलंच तर काही घडण्याआधी समन्वयकाला सांगून दुसऱ्या गावी काम घे, आम्ही तुला नावं ठेवणार नाही. ही सोय ठेवली नाही तर पोरं लपवतात. एखाद्या लेकराचं लग्न ठरतंय असं कार्यकर्त्याला कळलं तर त्यानं एकट्यानं बापाशी भांडायला जायचं नाही. समन्वयकामार्फत ग्रामसेवकांना (आता ग्रामपंचायत अधिकारी), जे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, आणि १०९८ या लेकरांसाठीच्या हेल्पलाइनला कळवायचं.

शिबिराच्या नियमावलीत एक चूक कायम दिसते. सगळी पानं लैंगिक सुरक्षेवर आणि पाण्यावर एक ओळ. मे महिन्यात पोरांचा जीव जातो तो शेततळ्यात आणि विहिरीत. शेततळ्याला आतून प्लॅस्टिकचा कागद असतो, ओला झाला की शेवाळानं पाय ठरत नाही, उताराला धरायला काही नसतं. पोहता येणाऱ्यालाही वर येता येत नाही, आणि वाचवायला उडी मारणाराही आत अडकतो. शिबिराची जागा ठरवताना चालत अर्ध्या तासाच्या आतली सगळी शेततळी आणि कठडा नसलेल्या विहिरी आधी बघून या. जवळच्या शेततळ्यात गाठी मारलेला जाड दोर काठावरच्या पक्क्या खुंट्याला बांधून आत सोडा, हवेनं भरलेली ट्यूब जवळ ठेवा. पोहायला परवानगी नाही, कुणाचीही विनंती असो. लेकरांच्या जोड्या लावा आणि दर अर्ध्या तासाला शिटीवर जोडी मोजा. उन्हात खेळ सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर. ओआरएसचं पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं. मीठ जास्त पडलं तर ते लेकराला घातक ठरतं, म्हणून अंदाजानं टाकू नका.

मुक्कामाला आठ ते दहा लेकरांमागे एक मोठं माणूस, मुलींच्या खोलीत किमान दोन ताई, झोपायची जागा दाराशी, लेकरांच्या अंथरुणापासून वेगळी. रात्री लघवीला जायचं तर जोडीनं आणि ताईला उठवून. दौलताबादच्या किल्ल्यावर नेलंत तर अंधारीत, म्हणजे तिथल्या काळोख्या भुयारी वाटेत, शिरण्याआधी आणि बाहेर पडल्यावर मोजणी, एक मोठा पुढं, एक मध्ये, एक सर्वांत मागं, प्रत्येकाकडं स्वतःची बॅटरी. किल्ल्यावर काय दाखवायचं, कुठं बसून गोष्ट सांगायची, हे दादांनी ठरवावं. मोजणी मात्र चुकवायची नाही.

लेकरानं काही सांगितलं तर काय करायचं, याची तालीम कार्यकर्त्यांना तोंडी करून घ्या, वाचून येत नाही. हातातलं काम थांबवा, लेकराच्या उंचीला बसा, ऐका. "कुणी? किती वेळा? मग काय केलं?" असं खोदू नका, चौकशी पोलिसांचं काम आहे आणि आपल्या प्रश्नांनी लेकराचे शब्द बदलतात. एवढंच म्हणा: "तू सांगितलंस हे फार बरं केलंस. यात तुझी काही चूक नाही. हे मला गुपित ठेवता येणार नाही, पण कुणाला सांगणार ते आधी तुला सांगते." गुपिताचं वचन देऊ नका, ते मोडावं लागतं आणि लेकरू दुसऱ्यांदा फसतं. तासाभरात लेकराच्याच शब्दांत लिहा. त्यानं "शू करायच्या जागी" म्हटलं असेल तर तेच लिहा, शुद्ध शब्द घालू नका. तारीख, वेळ, सही. घटना ताजी असेल तर कपडे धुवायचे नाहीत. त्याच दिवशी संस्थेच्या नेमलेल्या माणसामार्फत पोलिसांना कळवा. १०९८ ची मदत घ्या, पण माहिती पोलिसांपर्यंत गेली याची खात्री तुम्हीच करा. नेमलेला माणूस टाळाटाळ करत असेल किंवा आरोप त्याच्यावरच असेल तर कार्यकर्त्यानं थेट कळवायचं, आणि तसं नियमावलीत लिहिलेलं असावं. लेकराचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेशाशिवाय घ्यायचा असतो. हे पालकांना सांगा, त्यांची निम्मी भीती ठाण्याच्या पायरीचीच असते. ज्याच्यावर आरोप आहे त्याला त्याच क्षणी लेकरांपासून दूर करा, पण समोरासमोर बसवू नका, सरपंचांना मध्ये घेऊ नका, गटावर एक शब्द लिहू नका. नाव फुटलं की गाव लेकरालाच बोल लावतं.

"खोटी तक्रार झाली तर?" हा कार्यकर्त्यांचा प्रश्न खरा आहे, तो झटकून टाकू नका. कलम १९ नुसार सद्भावनेनं कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही, आणि मुद्दाम खोटी तक्रार करणाऱ्या मोठ्या माणसाला कलम २२ नं शिक्षा आहे. पण निर्दोष दादाचा खरा आधार उघडं दार, डोकावणाऱ्या बाया आणि अपवाद वही हाच. रोज सगळ्यांसमोर वागणाऱ्याची साक्ष द्यायला पंधरा माणसं उभी राहतात.

शेवटी, ही नियमावली तुम्ही लिहून हातात देऊ नका. जूनमध्ये अभ्यासिका सुरू होण्याआधी तीन तासांची बैठक घ्या. पहिला तास चिठ्ठ्यांचे ढीग, कार्यकर्त्यांनीच करायचे. दुसरा तास प्रसंग: लाईट गेली, पालक आला नाही, लेकरू रडतंय, बाप दारू पिऊन न्यायला आलाय. तिसऱ्या तासाला लेकरं बोलवा आणि त्यांना गावाचा नकाशा काढून भीती वाटते त्या जागा लाल खडूनं रंगवायला सांगा. कार्यकर्त्यांच्या ध्यानीमनी नसलेल्या दोन-तीन जागा त्यात निघतातच: पाण्याच्या टाकीमागची वाट, बंद पडलेली पिठाची गिरणी. त्या नकाशावरून परतीच्या रांगांचा मार्ग आखा. मग उरलेले आठ-दहा नियम चौथीतल्या लेकराला वाचता येतील अशा मोठ्या अक्षरांत एका पानावर लिहा, खाली १०९८ आणि पोलिसांच्या तातडीच्या मदतीचा ११२, आणि ते पान दाराच्या आतल्या बाजूला, लेकरांच्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटवा. दादानं नियम मोडला तर त्याला आठवण करून देणारा पहिला आवाज त्या लेकराचा असू द्या.